बोट हललं की हात वर

गावात तुळजाबाईचं नाव भांडखोर म्हणून पडलेलं आहे. ती कुणाशी भांडताना कुणी पाहिलेली नाही. पण ती बोलायला लागली की चार घरं पलीकडच्या माणसाला वाटतं, हिचं आज कुणाशी तरी वाजलं. दुकानात मिठाची पुडी मागितली तरी दुकानदार दचकतो. "देतो की मावशी, वरडता कावून?" असं तो म्हणतो, आणि तुळजाबाई त्याच्या ओठांकडे टक लावून बघत राहते. तेही लोकांना खटकतं. बाईमाणसानं परक्याच्या तोंडाकडे असं बघू नये, असं पारावरचे म्हातारे एकमेकांना सांगतात.

या दोन्ही खोडी तिच्या जन्माच्या नाहीत. त्या तिला लावल्या गेल्या. कुणी लावल्या हे एकदा नीट सांगायला हवं, कारण ज्यांनी लावल्या ते आजही गावातल्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसतात, आणि नाव मात्र हिचं खराब होतं.

तुळजाबाई मूळची पाटोद्याकडची. माहेरी दसरा उलटला की गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जात. लग्न होऊन ती केज तालुक्यात आली, तरी नशीब तेच. नवरा सटवा आणि ती मिळून एक कोयता. मुकादमाकडे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. त्यांची मुलगी सायली उसाच्या फडाशेजारी, पाचट रचून केलेल्या झोपडीत, कोपीत जन्मली. पहिली काही वर्षं ती बैलगाडीच्या चाकाला बांधलेल्या झोळीतच वाढली. ती शाळेच्या वयाची झाली, तेव्हा तुळजाबाईच्या मनात एकच धास्ती होती: ही पोर एकदा कोयत्यामागे निघाली की परत शाळेत येणार नाही.

त्याच सुमारास केजच्या अलीकडे, रस्त्याला लागून अमरसिंहदादांनी जिनिंग-प्रेसिंग सुरू केलं. घराणं जमीनदाराचं, आजोबांपासून राजकारणात. कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायच्या, असा तो कारखाना. यंत्रावर कापूस लोटायला बायका हव्या होत्या. तुळजाबाई पहिल्याच दिवशी दारात जाऊन उभी राहिली, आणि संध्याकाळी सटव्याला म्हणाली, "तुमाला जायाचं तर जावा. मी पोरीला घिऊन हितंच ऱ्हाते." सटवा अबोल माणूस. त्या वर्षी तोही गेला नाही. लोकांच्या शेतात सालानं राहिला. मुकादम पुढची दोन वर्षं त्यांच्या घरावरून जाताना थुंकत होता.

म्हणून हे जिनिंग, सगळे त्याला जिन म्हणत, तुळजाबाईला देवासारखं. कापसाच्या हंगामात तिथं घाम गाळायचा आणि पावसाळ्यात खुरपणीला जायचं, पण रात्री आपल्या छपराखाली झोपायचं. त्या यंत्रानं सायलीला बारावीपर्यंत नेलं, आणि पुढं अंबाजोगाईला नर्सिंगला घातलं. हे ती कधी विसरली नाही. तिच्या कृतज्ञतेत खोट नव्हती. खोट होती ती ज्यांनी या कृतज्ञतेचा फायदा घेतला त्यांच्यात.

जिनची शेड पत्र्याची. दोन्ही बाजूंना यंत्रांची रांग, मध्ये चालायला बोळ. चामड्याचे रूळ फिरतात, त्यांना घासून लोखंडी पाती वरखाली आपटतात, सरकी खाली गळते, रुई पुढे सरकते. एका यंत्राचाच खडखडाट असा, की शेजारच्या माणसाच्या कानाला तोंड लावावं लागतं. इथं सगळीच एकदम चालतात, आणि वरचा पत्रा तो आवाज बाहेर जाऊ न देता पुन्हा खाली फेकतो. गारांचा पाऊस पत्र्यावर पडावा आणि पाळी संपेपर्यंत थांबूच नये, तसं ते.

पहिल्या आठवड्यात तुळजाबाईचं डोकं भणभणायचं. संध्याकाळी घरी आलं की सगळं घर जणू रांजणाच्या तळातून बोलतंय असं वाटे. सकाळी पुन्हा ठीक. तिनं सुपरवायझर हरिओमला विचारलं. तो हसून म्हणाला, "सवय हुती, आत्या. महिन्याभरात आवाज हाय का न्हाई ते बी कळायचं न्हाई."

आणि खरंच महिन्याभरात तिला आवाजाचं काही वाटेनासं झालं. हे वाक्य त्या शेडमध्ये प्रत्येक नव्या बाईला सांगितलं जातं, आणि ते ऐकून प्रत्येकीला धीर येतो. त्यात केवढं पाप भरलेलं आहे ते कुणी सांगत नाही. कोयता धरून तळहाताला घट्टा पडतो आणि हात टिकतो. कानाला घट्टा पडत नसतो. कानाच्या आत आवाज टिपणारे बारीक केस असतात. ते एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. सवय झाली म्हणजे त्यातले थोडे मेले, एवढाच त्याचा अर्थ. बाई म्हणते, आता बरं वाटतंय. आणि ते बरं वाटणं हीच आजाराची सुरुवात असते.

बायकांनी आपल्या परीनं इलाज केला. हातात रुईच रुई, तिचाच बोळा करून कानात घालायचा. पण साध्या रुईनं धूळ अडते, आवाज अडत नाही. ज्या कारखान्यातून गाठीच्या गाठी रुई बाहेर पडते, तिथल्या बायकांचे कान त्याच रुईचे बोळे घालून गेले.

मग त्यांची एक भाषा तयार झाली. शेडमध्ये बोलून उपयोग नाही, तेव्हा हातांनी आणि ओठांनी बोलायचं. अंगठा तोंडाकडे नेला की पाणी. मिशीला पीळ दिला की अमरसिंहदादा आले. हरिओमची पँट सारखी खाली घसरायची, म्हणून कमरेला दोन हात लावून वर ओढल्यासारखं केलं की हरिओम येतोय. नाक दाबलं की सासू. तुळजाबाईच्या समोरच्या रांगेत कौशल्याबाई असायची, तिच्याच गल्लीतली आणि तिच्याच वयाची. तिनं एकदा सुनेशी झालेलं आख्खं भांडण, कोण काय बोललं, कुणी ताट कसं आपटलं, या रांगेतून त्या रांगेत हातांनी सांगितलं. बायका इतक्या हसल्या की दोन यंत्रांत कापूस तुंबला. हरिओम धावत आला, पँट वर ओढली, आणि बायका पुन्हा हसल्या. त्या कशाला हसतात हे त्या माणसाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

त्या शेडमध्ये ऐकायचं म्हणजे बघायचं, हे अशा रीतीनं त्यांच्या अंगात भिनलं. पुढं जे झालं ते समजायला ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे.

सरकारी तपासणी यायची असली की आदल्या दिवशीच मालकाला कळे. त्या सकाळी हरिओम एक डबा घेऊन यायचा. त्यात पिवळे, मऊ, दाबले की बारीक होणारे बोळे. ते कानात घातले की खडखडाट एकदम लांब गेल्यासारखा वाटे. तुळजाबाईनं पहिल्यांदा ते घातले तेव्हा तिला आपल्याच श्वासाचा आवाज ऐकू आला होता. साहेब यायचे, बघायचे, चहा घेऊन जायचे. संध्याकाळी हरिओम दारात डबा उघडून उभा. बोळे परत टाकायचे. पुढच्या वेळी लागतील म्हणून. कौशल्याबाईनं एकदा आपले बोळे पदराला बांधून नेले, तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिच्या पदराची गाठ सोडायला लावली. पुढच्या तपासणीला तेच बोळे न धुता दुसरीच्या कानात.

ज्या कारखान्यात लाखांच्या गाठी रचलेल्या असतात, तिथं त्या पिवळ्या बोळ्यांची किंमत चहाच्या बिलाहूनही कमी भरेल. बरं, आवाज कमी करायला फक्त बोळेच लागतात असंही नाही. झिजलेले सांधे वेळेवर बदलले, हलणारा पत्रा आवळला, बायकांना आळीपाळीनं बाहेरच्या आवारातलं काम दिलं, तरी निम्मं दुखणं टळतं. यातलं एकही झालं नाही. अमरसिंहदादांच्या ऑफिसला मात्र दुहेरी काच बसवलेली आहे. आत गेलं की शेजारी जिन चालतंय हे कळतसुद्धा नाही. हिशोबाला शांतता लागते, असं ते पाहुण्यांना सांगतात.

तुळजाबाईचे कान कसे गेले ते तिला कळलंच नाही, कारण ते एकदम गेले नाहीत. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी. मग एका दुपारी तिला घरात रातकिडा ओरडतोय असं वाटलं. भर दुपारी रातकिडा म्हणून तिनं सटव्याला पेटी हलवायला लावली, धान्याची कोठी सरकवायला लावली, जातं उचलायला लावलं. सटव्यानं निमूट सगळं केलं. रातकिडा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी तो शेतातही ओरडत होता, आणि देवळातही. तेव्हा ती जातं परत जागेवर ठेवत म्हणाली, "ह्यो माज्या कानात हाय." तो अजून तिथंच आहे. त्याच्यामुळे झोप लागत नाही, झोप नाही म्हणून चिडचिड, आणि चिडचिड म्हणून पुन्हा भांडखोर हे नाव.

कोरोनाच्या साली लोकांनी तोंडाला फडकी बांधली, आणि तुळजाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. दुकानदाराचं तोंड दिसेना, तर त्याचं बोलणंही कळेना. आरोग्य केंद्राची आशाताई दारात येऊन काही विचारत होती. फडक्यावरचे डोळे दिसत होते, शब्द एकही नाही. आपण इतकी वर्षं कानांनी नव्हे, डोळ्यांनी ऐकत होतो, हे तिला त्या दिवशी समजलं. ती घाबरली. कुणाला बोलली नाही. कारण जिनमध्ये एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: ज्या बाईचे कान गेले, तिचं काम गेलं. आणि काम गेलं की मागं काय उरतं, तेही ठाऊक होतं.

याच्या पुढच्या हंगामात कारखान्यात कानांच्या तपासणीची गाडी आली. कायद्यानं दरसाल करावी लागते म्हणून कुठल्याशा शहरातल्या कंपनीला ठेका दिलेला. आवारात टेबल मांडलं, टेबलावर यंत्राची पेटी, पेटीपलीकडे एक घाईतला माणूस. समोर खुर्ची. कानाला मोठे ठोकळे लावायचे, आवाज आला की हात वर करायचा. पलीकडे जिन चालूच होतं. ऐन हंगामात ते कोण बंद ठेवणार. अशा खडखडाटात बारीक आवाजाची तपासणी करणं म्हणजे पुराच्या पाण्यात उभं राहून ओंजळीतलं पाणी मोजण्यासारखं. पण करणाऱ्यालाही घाई, आणि करवून घेणाऱ्यालाही.

हरिओमनं बायकांना आधीच बजावलं होतं की जिचा हात वर जाणार नाही तिनं उद्यापासून यायचं नाही. पहिली बसली कौशल्याबाई. तिनं एका क्षणात हेरलं की तो माणूस आवाज सोडताना पेटीवरचं बटण दाबतो, आणि त्याचं बोट समोरून सरळ दिसतं. खुर्चीवर बसल्या बसल्याच तिनं मांडीवरच्या हातानं मागच्या बायकांना खूण केली: बोट हललं की हात वर.

एकजात सगळ्या बायका पास झाल्या. तुळजाबाईचा तर एकदाही हात चुकला नाही. त्यांच्या लेखी ती लबाडी नव्हतीच. समोरचा माणूस काय म्हणतो ते बघून ओळखायचं, हेच तर त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. उलट जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एकमेकींची तारीफ केली. त्या माणसानं मान वर करून एकदा जरी पाहिलं असतं, तरी त्याला कळलं असतं की पन्नाशीकडे झुकलेल्या, इतके हंगाम जिनमध्ये काढलेल्या बायकांचे कान पोरीसोरींसारखे निघणं शक्य नाही. त्यानं मान वर केली नाही. मान खाली घालायचेच त्याला पैसे मिळत होते. पुढच्या हंगामातही तीच गाडी आली, तोच माणूस, तीच खूण.

मग गेल्या माघात तो दिवस आला. तुळजाबाई पाणी प्यायला शेडबाहेर आली होती. आवारात कापसाची पिकअप गाडी मागं येत होती. गाडी मागं घेताना वाजणारा पीं-पीं आवाज चालू होता, ड्रायव्हरनं हॉर्नही दिला, दोन-तीन जण ओरडले. तुळजाबाईची पाठ होती. पीं-पींसारखा बारीक, चिरका आवाज तर तिच्या कानातून सर्वांत आधी गेलेला. चाक तिच्या डाव्या पायाच्या घोट्यावरून गेलं.

अमरसिंहदादा दवाखान्यात केळी आणि मोसंबी घेऊन आले. प्लास्टरचं बिल त्यांनी भरलं. ते नाकारता येणार नाही, आणि ते स्वतः नाकारूही देत नाहीत. जाताना त्यांनी सटव्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की बाईला आता ऐकू येत नाही, तिला कामावर ठेवणं जोखमीचं आहे, तेव्हा पाय बरा झाला तरी पाठवू नका. पुढच्या आठवड्यात तिच्या यंत्रावर दुसरी बाई उभी होती. त्या नवीलाही हरिओमनं सांगितलंच असेल, सवय होते म्हणून.

सायली सुट्टी काढून आली. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची पोर. आवाजानं आलेला बहिरेपणा हा कायद्यानं धंद्यातला आजार मानलेला आहे, आणि त्याची भरपाई मागता येते, हे तिला माहीत होतं. ती सटव्याला घेऊन त्या दुहेरी काचेच्या ऑफिसात गेली. दादांनी दोघांना बसवलं, चहा मागवला.

"तुझ्या मायच्या भल्याचंच बोलतो, पोरी," ते म्हणाले. "कान गेलेत तिचे. हॉर्न आख्ख्या आवारानं ऐकला. उद्या मशीनमधी हात गेला, तर मी तुमाला काय तोंड दाखवू?"

"कान जिनमधीच गेले, दादा. तेचीच भरपाई मागाया आलो."

दादांनी हरिओमकडे नुसतं बघितलं. हरिओमनं कपाटातून तपासणीचा कागद काढून टेबलाच्या काचेवर ठेवला.

"हे बघ. दरसालची तपासणी हाय. तुझ्या मायचे दोन्ही कान टकाटक. आमच्या जिननं काय न्हाई झालं तिला."

"मग हॉर्न कावून न्हाई ऐकला तिनं?"

"लक्ष नसंल. बायांचं ध्यान असतंय का ठिकाणावर?"

एकच रक्कम जमेच्या बाजूला आणि तीच खर्चाच्याही बाजूला, असा हिशोब कुठल्या कारकुनानं दाखवला असता, तर याच माणसानं त्याला त्याच दिवशी हाकललं असतं. कामावरून काढायला बाई बहिरी. भरपाई द्यायची म्हटली की तिचे कान टकाटक. आणि हे दोन्ही एकाच चहाच्या कपामागून, आवाज न चढवता.

सटवा अमरसिंहदादांपुढे आयुष्यात कधी बोलला नव्हता. त्यानं कप खाली ठेवला. "दादा, एक काय ते ठरवा," तो म्हणाला. "बहिरी हाय का न्हाई?"

दादांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर गेले ते परत आले नाहीत. हरिओम पँट वर ओढत म्हणाला, की दादांना आता वेळ नाही.

घरी आल्यावर सायलीनं आईसमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश विचारलं, की तपासणीत हात कसा वर केलास. तुळजाबाईनं मोठ्या हौशीनं सांगितलं. बोट कसं हलायचं, कौशल्यानं खूण कशी केली, आपण एकदाही कशा चुकलो नाही. सांगता सांगता तिचं लक्ष लेकीच्या चेहऱ्याकडे गेलं. चेहरे वाचण्यात ती तरबेज. ती मध्येच थांबली.

"त्यो कागद म्याच दिला व्हय त्यांना?" तिनं विचारलं.

 सायलीला आईवर रागावता येत नव्हतं, आणि ज्यांच्यावर रागवायचं ते दुहेरी काचेच्या आड होते. मग तिनं सांगितलं की अंबाजोगाईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बंद खोलीत खरी तपासणी होते. पण तिथं पहिल्या कागदाबद्दल विचारतील. तो खोटा कसा निघाला ते सांगावं लागेल. सगळ्यांचंच सांगावं लागेल.

ही बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई आली आणि अंगणात उभी राहिली. सटवा ओसरीवर भाकरी खात होता. त्यानं पाहिलं ते असं: दोन बायका समोरासमोर, तोंडातून आवाज नाही, आणि हात वाऱ्यासारखे चाललेले. कौशल्याबाईनं तुळजाबाईच्या प्लास्टरकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग शेडमधल्या एकेका बाईची खूण केली. मग वाकून कोयता चालवल्यासारखा हात खालून वर ओढला, एकदा, दोनदा, तीनदा. तुझा पाय गेला, आता आम्हा सगळ्यांना उसात धाडतेस का, असं ते होतं. तुळजाबाईनं आपल्या कानाला हात लावला, मग तिच्या कानाकडे बोट केलं. कौशल्याबाईनं मान जोरात हलवली. तुळजाबाईनं पुन्हा तिच्या कानाकडे बोट केलं. तेव्हा कौशल्याबाईनं तोंडच फिरवलं. जिनच्या भाषेत याचा अर्थ, मी आता तुझं ऐकत नाही. आणि ती तशीच पाठमोरी निघून गेली.

भांडखोर म्हणून नाव पडलेल्या बाईनं आयुष्यातलं पहिलं भांडण केलं, ते अवाक्षर न काढता. कौशल्याबाई गेल्यावर तुळजाबाई ओसरीच्या खांबाला धरून उभी होती. कौशल्या म्हणाली ते खोटं नव्हतं. खरं सांगितलं तर सगळ्यांवर बालंट. नाही सांगितलं तर हिचे कान, हिचा पाय, हिची पंधरा-सोळा हंगामांची चाकरी, सगळं त्या एका कागदाखाली गाडलं जाणार. आणि बाकीच्याही आज ना उद्या एकेक करून त्याच पिकअपखाली यायच्या. ओरडून सांगितलं तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं.

प्लास्टर निघाल्यावर ती अंबाजोगाईला निघाली. सटवा काठी आणि पिशवी घेऊन पुढं. अंबाजोगाईच्या जीपमध्ये चढताना त्यांनी पाहिलं, मागच्या बाकावर कौशल्याबाई आधीच बसलेली. तोंड खिडकीकडे. कुठं निघालीस म्हणून सटव्यानं विचारलं, तर म्हणाली, हिला जिना चढवता यायचा न्हाई तुमाला. त्यापुढं अंबाजोगाईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती.

सायली दवाखान्याच्या दारात थांबली होती. कानांच्या विभागात एक लहानशी खोली, भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, मध्ये काचेची खिडकी. तपासणी करणाऱ्या ताईनं तुळजाबाईला खुर्चीवर बसवलं, कानाला ठोकळे लावले. तुळजाबाईची नजर सवयीनं खिडकीपलीकडच्या पेटीकडे गेली. त्या ताईनं ते पाहिलं, आत आली, आणि खुर्ची हळूच भिंतीकडे फिरवली. "आता बगू नका, मावशी," असं ती म्हणाली, पण तुळजाबाईला ते कळलं नाही. तोंड दिसत नव्हतं.

सटवा आणि कौशल्याबाई काचेबाहेर उभे होते. आत एक पाठ, आणि मांडीवर ठेवलेले दोन हात. ताईचं बोट बटणावर दाबलं गेलं. हात हलला नाही. पुन्हा दाबलं, नाही. बोट चालत राहिलं आणि हात मांडीवर पडून राहिले, कुणी तिथं विसरून गेल्यासारखे. मध्येच एकदा उजवा हात थोडा उचलला आणि खात्री नसल्यासारखा खाली आला. सटवा इतकी वर्षं तिच्या शेजारी राहिला; तिला काय ऐकू येत नाही ते त्यानं त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहून सांगितलं की हे वयाचं नाही. दोन्ही कान सारखेच, आणि बारीक आवाजाच्या जागी खड्डा पडावा तसा आलेख पडलाय. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केल्यावर तो असाच पडतो. गेलेलं परत येणार नाही. यंत्र लावलं तर थोडं कळेल. रक्तदाबही वाढलाय, झोप नसल्यानंही वाढतो. मग त्यांनी कारखान्याचा कागद पाहिला, आणि भुवया वर करून विचारलं की मग हे काय आहे.

सायली सांगायला लागणार तोच तुळजाबाईनं तिच्या हातावर हात ठेवला. ती आपल्या नेहमीच्या आवाजात बोलली, म्हणजे बाहेरच्या ओळीतली सगळी माणसं वळून बघायला लागली.

"त्येचं बोट हललं की म्या हात वर करत हुते. लबाड म्हणायचं तर म्हणा मला, बाई. पर जेनं बोट हलवलं तेला बी इचारा. आन् ज्येनं आमाला भ्या घातलं, तेला बी इचारा."

डॉक्टरीणबाईंनी तिला हळू बोलायला सांगितलं नाही. त्यांनी पेन उचललं आणि तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं. दुसऱ्यांचीही अशीच तपासणी झाली असेल का, असं त्यांनी विचारलं.  तुळजाबाई दाराकडे बघायला लागली.

दारात कौशल्याबाई होती. तिला आतलं किती ऐकू आलं कुणास ठाऊक. पण तुळजाबाईचे ओठ तिनं बाहेरून वाचले होते. ती कुणाला काही न विचारता समोरच्या गादीच्या खोलीत गेली. चप्पल दाराशी काढली, पदर खोचला. खुर्ची पुन्हा कुणीतरी खिडकीकडे करून ठेवली होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडे फिरवली, आणि पाठ करून बसली.